अक्षता पडताना चित्र का फुटतं?

लग्नाचं लाइव्ह छान चाललेलं असतं. शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ होतं, चहूबाजूंनी अक्षता उडतात आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर चौकोनच चौकोन दिसू लागतात. परदेशातून मामाचा मेसेज येतो, ‘नेट गेलं का रे?’ कॅमेऱ्यामागचा मुलगाही राउटरकडेच धावतो. खरं तर नेटला काहीही झालेलं नसतं.

फुल एचडीचं कच्चं चित्र सेकंदाला ३० फ्रेमने पाठवायचं म्हटलं, तर सुमारे ७४५ मेगाबिट लागतात. आपण पाठवतो साधारण ४. म्हणजे एन्कोडर चित्राला सुमारे १८५ पट दाबून बसवतो. त्याची मुख्य युक्ती अशी, की मागच्या फ्रेममधलं जे हललं नाही ते पुन्हा पाठवायचंच नाही आणि जे हललं ते किती सरकलं एवढंच कळवायचं. मंडपाचा पडदा, भटजी, अंतरपाट, सगळं यात सहज बसतं. पण हजारो तांदूळ हजार दिशांना उडाले की मागच्या फ्रेमचा काही उपयोग उरत नाही. बिटरेट मात्र तेवढाच. मग एन्कोडर बारकावे सोडून देतो आणि आपल्याला चौकोन दिसतात. गुलाल, पाऊस, मैदानातल्या हिरवळीवरून फिरणारा कॅमेरा, सगळीकडे हेच होतं.

यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे रिझोल्यूशन वाढवणं. हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. १०८०पीमध्ये ७२०पीच्या सव्वादोन पट पिक्सेल असतात. बिटरेट ३००० केबीपीएसवरच ठेवून ७२०पीचं १०८०पी केलं, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी माहिती येते. वर ३० फ्रेमऐवजी ६० केल्या की त्याचंही निम्मं. एवढ्या बिटरेटला स्वच्छ ७२०पी हे फुटक्या १०८०पीपेक्षा केव्हाही बरं. निर्णयाचा क्रम उलटा असायला हवा: आधी कार्यालयात अपलोड किती मिळतोय ते पाहा, त्याच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश बिटरेट धरा आणि त्यात जे रिझोल्यूशन नीट मावेल ते घ्या. ‘आमचा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे’ याला इथे अर्थ नाही. ती बहुधा डाउनलोडची गोष्ट असते आणि आपलं काम अपलोडवर चालतं. मोबाइलच्या नेटवर असाल तर डेटाचाही हिशेब करा. ४००० केबीपीएसने तासाला सुमारे १.८ जीबी जातो. रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये सीमांतपूजनही उरकणार नाही.

बिटरेटच्या प्रकाराबद्दलही एक वाक्य ऐकू येतं: ‘व्हीबीआर दर्जेदार, सीबीआर जुनाट.’ फाइल रेकॉर्ड करायची असेल तर यात तथ्य आहे. व्हीबीआर अवघड दृश्याला जास्त बिट देतो, सोप्याला कमी. पण लाइव्हमध्ये तो नेमका अक्षतांच्या वेळी उसळी मारणार, आणि तेवढं त्या क्षणी नेटला झेपेलच असं नाही. म्हणून प्रक्षेपणाला बिटरेट कायम एकसारखा ठेवणारा सीबीआरच.

आता फ्रेम ड्रॉपबद्दल. ‘फ्रेम गळताहेत’ ही एकच तक्रार समजून लोक हाताला येईल ते सेटिंग फिरवतात. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टॅट्स’ची खिडकी उघडा. तिथे तीन वेगळे आकडे दिसतात. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डावर ओझं झालंय. जादा सोर्स आणि अ‍ॅनिमेशन काढा. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एन्कोडर थकलाय. त्याचा प्रीसेट, म्हणजे मेहनतीची पातळी, हलका करा. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम वाढत असतील तरच नेटचा दोष. बिटरेट उतरवा, वायफाय सोडून लॅनची केबल लावा. नेट अडखळत असताना प्रीसेट बदलून काही साधत नाही आणि प्रोसेसर दमला असताना राउटर बंद-चालू करून तर मुळीच नाही. तिन्ही आकडे शून्य असूनही चित्र फुटत असेल, तर तो अक्षतांचा प्रकार: हालचालीच्या मानाने बिटरेट कमी.

प्रीसेटचाही घोळ असतो. प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ एन्कोडरमध्ये ‘स्लो’ निवडलं की चित्र सुधारतं, हे खरं, पण प्रोसेसर पुरा पडला तरच. मंडपातल्या लॅपटॉपवर ‘व्हेरीफास्ट’ हीच सहसा शहाणी निवड. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर कमी दर्जाचा, ही समजूत मात्र शिळी झाली. एनव्हिडियाच्या २०१८च्या ट्युरिंग पिढीपासून ती तक्रार उरलेली नाही. अपवाद म्हणजे २०१९ची मूळ जीटीएक्स १६५०: पिढी ट्युरिंगची, पण आत एन्कोडर आधीच्या पिढीचा. जुनं कार्ड विकत घेताना हे विचारून घ्या.

‘६० फ्रेम म्हणजे जास्त सफाईदार’ हे कबड्डीला ठीक, कीर्तनाला उधळपट्टी. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना जाणवत नाही, पण कॅमेरा १/६० शटरवर असला की चित्रात सरकणारे पट्टे येतात. कॅमेरा २५ फ्रेम आणि १/५० शटरवर ठेवा. ओबीएसच्या यादीत ‘२५ पाल’ आहे, तेच निवडा. कॅमेरा २५ वर आणि ओबीएस ३० वर ठेवलं तर काही फ्रेम दोनदा दाखवल्या जातात आणि चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो.

दोन कीफ्रेममधलं अंतर, म्हणजे कीफ्रेम इंटरव्हल, ‘ऑटो’वर सोडू नका. एक्स२६४ मग २५० फ्रेमपर्यंत थांबू शकतो, म्हणजे २५ फ्रेमला तब्बल १० सेकंद. यूट्यूब २ सेकंद सुचवतं आणि ४च्या पुढे नको म्हणतं, कारण प्रेक्षकाला पाठवायचे तुकडे कीफ्रेमपाशीच कापले जातात. म्हणून मग १ सेकंद ठेवावा, असंही नाही. कीफ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं, ती बरेच बिट खाते.

आवाजाचे १२८ किंवा १६० केबीपीएस कापून चित्राला देणारेही भेटतात. एकूण हिशेबात ती चिल्लर आहे. चित्र थोडं धूसर चालतं, मंगलाष्टकं तुटक चालत नाहीत.

यूट्यूब सगळं पुन्हा एन्कोड करतंच, मग आपण कशाला काळजी करायची, असंही ऐकू येतं. ते १०८०पीच्या ४८०पी, ३६०पी अशा आवृत्त्या बनवतं, त्यामुळे कमी नेटवाल्या प्रेक्षकालाही बघता येतं. पण आपल्याकडून जे फुटून गेलं ते तिकडे सांधलं जात नाही.

चाचणी घ्याल ती सकाळी रिकाम्या कार्यालयात घेऊन समाधान मानू नका. पाहुणे जमले की त्याच टॉवरवर शेकडो फोन येतात आणि अपलोड आक्रसतो. आदल्या दिवशी त्याच जागी, मुहूर्ताच्याच वेळेला, अनलिस्टेड लाइव्ह करून पाहा, मग मुहूर्ताच्या दिवसासाठी बिटरेट त्याहून थोडा उतरता ठेवा. आणि चॅनल नवं असेल तर लाइव्हची सोय दोन-तीन दिवस आधीच चालू करून ठेवा. यूट्यूबला पहिल्यांदा ती सुरू करून द्यायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.