लिनक्ससीएनसी सोर्सवरून बिल्ड होत नाही? क्रमाने हे तपासा

छोट्या राउटरसाठी लिनक्ससीएनसी फुकट मिळतं. पण बिल्ड अडकलं की मशीन उभं राहतं आणि ऑर्डर लांबते.

१. ‘मेक’ थांबलं? शेवटची ओळ नको, पहिला एरर शोधा. खालचे बरेचसे त्याच्यामुळेच आलेले असतात.

२. ‘कॉन्फिगर’ अडलं? बहुतेक वेळा एखादं पॅकेज कमी असतं. डेबियन फोल्डरमधली कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवा, मग ‘डीपीकेजी-चेकबिल्डडेप्स’. काय कमी आहे त्याची यादीच समोर येते.

३. बिल्ड झालं, पण प्रोग्राम सापडत नाही? त्याच टर्मिनलमध्ये ‘रिप-एन्व्हायर्नमेंट’ लोड करा. नवीन टर्मिनल उघडलं की परत करायचं.

४. सिम्युलेशन चालतं, खरं मशीन नाही? ‘सुडो मेक सेटयूआयडी’ राहिलंय का बघा. पुन्हा बिल्ड केलं की पुन्हा द्या.

सगळं जमलं तरी लगेच माल लावू नका. आधी लेटन्सी टेस्ट, मग सिम्युलेशन, मग टूल न लावता रिकामी फेरी.

आणि खरं सांगू? कोडमध्ये बदल करायचा नसेल, तर डेबियनचं तयार पॅकेज घ्या. वाचलेला दिवस गिऱ्हाइकाला द्या!