दादरला भेटू, पण कुठल्या दादरला?

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. ऐकताना प्रवासात नेटवर्क गेलं असेल तर इथे वाचा.)

हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय बहुतेक तुम्ही त्याच गर्दीत उभे राहून ऐकताय. आज बोलूया दादर स्टेशनबद्दल.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला कुडाळला जायचं होतं. तुतारी एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट होतं. आता कोकणातल्या माणसाला विचारा, गणपतीत कन्फर्म तिकीट म्हणजे काय चीज असते! मी तिकिटावरच्या तारखेला रात्री साडेअकराला, मोदकाचं पीठ आणि दोन बॅगा घेऊन दादरला हजर. गाडी आली, डबा सापडला, बर्थवर दुसराच माणूस झोपलेला. मी वाद घातला, त्याने तिकीट दाखवलं. मग टीसी आले, माझा मोबाईल पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "अहो, तुमची गाडी काल रात्रीच गेली."

तुतारीची दादरहून सुटायची वेळ रात्री १२ वाजून ५ मिनिटं. म्हणजे तिकिटावर ६ तारीख असेल, तर घरून निघायचं ५ तारखेच्या रात्री. मी दिवसभर तारीख-वेळेचे बग सोडवतो, आणि स्वतः त्याच बगमध्ये अडकलो. आईला फोन केला तर म्हणाली, "तुला इंजिनीअर केला तो कशाला रे?" शेवटी एसटीने उभ्या-बसत्या पोचलो, तोवर घरची आरती होऊन गेली होती.

त्यानंतर मी हे स्टेशन जरा नीट समजून घेतलं. आणि लक्षात आलं की दादरच्या बहुतेक गोंधळांचं मूळ एकच आहे: नाव एक, पण आत गोष्टी अनेक.

एक नाव, दोन स्टेशनं

दादर खरं तर दोन स्टेशनं आहेत, एकमेकांना चिकटलेली. एक मध्य रेल्वेचं, एक पश्चिम रेल्वेचं. असं का? कारण हे रूळ टाकले दोन वेगळ्या खासगी कंपन्यांनी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती जीआयपी रेल्वेची. पश्चिमेची लाईन बीबीसीआय कंपनीची, ती गुजरातच्या बाजूने मुंबईत आली. दोघींचे मार्ग दादरला शेजारी-शेजारी आले, पण स्टेशनं आपापली राहिली. १९५१ साली यातूनच मध्य आणि पश्चिम रेल्वे तयार झाल्या, आणि ती जुनी वाटणी आजही आपण पुलावरून रोज ओलांडतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर नाव हे माणसासाठी असतं, सिस्टीम चालते कोडवर. मध्य रेल्वेच्या दादरचा कोड डीआर, पश्चिमेच्या दादरचा डीडीआर. आरक्षण करताना ॲपमध्ये नुसतं 'दादर' वाचू नका, बाजूची ती दोन-तीन अक्षरं वाचा. डीआर असेल तर पूर्वेची बाजू, डीडीआर असेल तर फुलमार्केटची.

गंमत म्हणजे लोकलच्या तिकिटाला हा भेद लागत नाही. ठाण्याहून अंधेरीला दादरमार्गे एकच तिकीट चालतं. लोकलसाठी दादर एक, आरक्षणासाठी दोन. गोंधळ होणारच ना!

प्लॅटफॉर्मचे नंबर

पूर्वी तर अजून मजा होती. दोन्ही बाजूंना प्लॅटफॉर्म एक, दोन, तीन असेच नंबर. मित्राने सांगितलं "एक नंबरला ये", की तुम्ही मध्यच्या एकवर आणि तो पश्चिमच्या एकवर. डिसेंबर २०२३ मध्ये हे बदललं. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे झाले ८ ते १४. जुना एक आता ८. जुना दोन बंद करून एकची रुंदी वाढवली. जुना तीन झाला ९, चार झाला १०, आणि असंच पुढे, शेवटचा आठ झाला १४.

म्हणजे आता नंबर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ वाढत जातात. पुलावर उभे असाल आणि नंबर वाढत असतील, तर तुम्ही पूर्वेला चाललाय. होकायंत्राची गरज नाही. फक्त एक काळजी घ्या: जुने प्रवासी सवयीने जुना नंबर सांगतात. विचारायचंच असेल तर "कल्याणकडची स्लो कुठे लागते?" असं विचारा, नंबर विचारू नका.

लोकल कुठून कुठे

पश्चिमेच्या बाजूने चर्चगेट ते विरार, आणि पुढे डहाणू रोड. मध्यच्या बाजूने सीएसएमटी ते कल्याण. कल्याणला लाईन फुटते: एक फाटा टिटवाळा, आसनगाव, कसाऱ्याकडे, दुसरा अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोलीकडे. इंडिकेटरवर इंग्रजी 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत. नावाशी काही मेळ नाही, पाठच करायचं. बदलापूरला जायचंय आणि 'एन'मध्ये चढलात, तर कल्याणला उतरून परत दुसरी गाडी पकडा.

हार्बरची गाडी दादरला येत नाही. वाशी-पनवेलला जायचं तर कुर्ल्याला बदला. आणि २०२५ पासून भुयारी मेट्रोचंही 'दादर' झालंय, पश्चिमेला. तेव्हा "दादरला भेटू" म्हणालात तर आता पर्याय तीन!

कुठली गाडी दादरला येतच नाही

लांबच्या गाड्यांसाठी एकच युक्ती लक्षात ठेवा. गाडी जिथून सुटते ते टर्मिनस दादरच्या दक्षिणेला आहे की उत्तरेला?

सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रल दक्षिणेला. त्या गाड्या दादरवरून जातात. पण जातात म्हणजे थांबतात असं नाही! पश्चिमेच्या बऱ्याच गाड्या दादर सोडून थेट बोरिवलीला थांबतात. थांबा तपासा.

कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस, म्हणजे एलटीटी, आणि बांद्रा टर्मिनस उत्तरेला. तिथून बाहेरगावी सुटणारी गाडी दादरला येणारच नाही. एलटीटीला जायचं तर हार्बरचं टिळकनगर जवळ. बांद्रा टर्मिनस आणि बांद्रा लोकल स्टेशनही वेगळं, खारहून तिथे पूल आहे.

आणि काही गाड्या दादरहूनच सुटतात, तुतारी त्यातलीच. ती ठाणे, पनवेल करत कोकणात उतरते. तुम्ही ठाण्याला राहत असाल तर दादरपर्यंत उलटं यायचं कशाला? बोर्डिंग स्टेशन ॲपवर वेळेत बदलून घ्या. पण एकदा बदललंत की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो, हे विसरू नका.

निघण्याआधी चार गोष्टी

स्टेशनचं नाव नाही, कोड वाचा. गाडी तिथे थांबते का ते पाहा. वेळ रात्री १२ ते पहाटे ३ मधली असेल, तर मोबाईलमध्ये आदल्या संध्याकाळचा रिमाइंडर लावा. आणि गावाहून कुणी येणार असेल, तर त्यांना "दादरला उतरा" एवढंच सांगू नका. "मध्य रेल्वेचं दादर, पूल चढू नका, मी प्लॅटफॉर्मवरच येतो" असं सांगा. आपल्याला हातात ॲप असून चुकायला होतं. सत्तर वर्षांच्या आजीने त्या पुलावर बॅग घेऊन कुणाला विचारायचं?

मी आता दर गणपतीला तिकीट काढलं की घरच्या ग्रुपवर तारीख लिहीत नाही. लिहितो, "बुधवारी रात्री जेवून निघायचं." आईने त्यावर एकदाच उत्तर दिलं होतं: "आता झालास खरा इंजिनीअर."

तुमचा दादरचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. तोवर दारात लटकू नका, आणि ऐकत राहा!