शहराचे खांब, शहराचं फायबर : चॅटनूगाचा धडा

१९६९ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं चॅटनूगा हे शहर देशभर बदनाम झालं. इथली हवा देशात सर्वांत घाण आहे, असं सरकारी अहवालात आलं आणि टीव्हीच्या बातम्यांतून ते घरोघरी पोचलं. फाउंड्र्या, रेल्वे आणि डोंगरांच्या बेचक्यात कोंडून राहिलेला धूर ही तेव्हा शहराची ओळख होती. पुढे हवा सुधारली, पण कारखानेही एकामागून एक बंद पडले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या दहा टक्क्यांनी घटली.

याच शहराने सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या वीजक्षेत्रातल्या प्रत्येक घराला आणि दुकानाला सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. एवढ्या मोठ्या भागात सरसकट असा वेग त्या वेळी अमेरिकेत दुसरं कुणी देत नव्हतं. जेमतेम पावणेदोन लाख वस्तीच्या शहराला हे कसं जमलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

वीज शहराची, खांबही शहराचे

चॅटनूगाची वीज खासगी कंपनीकडे नाही. १९३५ साली इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड, म्हणजे ईपीबी, ही शहराच्या मालकीची संस्था स्थापन झाली. टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी वीजनिर्मिती संस्थेकडून वीज घ्यायची आणि सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरच्या भागात ती पोचवायची, हे तिचं काम. विसाव्या शतकात वीज ही शहराची स्वतःची सोय झाली होती.

म्हणून फायबरचा विचार सुरू झाला तेव्हा ईपीबीकडे चार गोष्टी तयारच होत्या : गल्लोगल्ली उभे खांब, खांबावर चढून काम करणारे वायरमन, घरोघरी जाणारं बिल आणि सत्तर वर्षांची ओळख. नव्या कंपनीचा वेळ आणि पैसा नेमका याच चार गोष्टी उभ्या करण्यात जातो.

मुळात गरज विजेची होती

फायबर टाकण्यामागे ईपीबीचं एक मोठं कारण विजेचं होतं. वादळात फांदी तारेवर पडली की सगळा फीडर, म्हणजे त्या भागाची मुख्य वीजवाहिनी, बंद व्हायचा, आणि बिघाड कुठे आहे हे शोधायला माणसं गाडी घेऊन फिरायची. ईपीबीने जवळपास बाराशे स्वयंचलित स्विच खांबांवर बसवले आणि ते फायबरने एकमेकांना जोडले. आता फांदी पडली की दोन्ही बाजूंचे स्विच दोष कोणत्या टप्प्यात आहे ते ताडतात, तेवढाच टप्पा वेगळा काढतात आणि उरलेल्यांना दुसऱ्या बाजूने वीज देतात. हे सगळं काही सेकंदांत होतं. अनेक घरांत दिवा क्षणभर लुकलुकतो, इतकंच. वायरमनलाही थेट बिघाडाच्या जागी जाता येतं.

या स्विचसाठी आणि घरोघरच्या स्मार्ट मीटरसाठी लागणारं फायबर केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूंचं असतं. त्यातून विजेच्या कामाचा निरोप जाऊनही अफाट जागा उरते. ती जागा ईपीबीने नागरिकांना इंटरनेटसाठी खुली केली.

पैसा कुठून आला

पैसा तीन वाटांनी आला : ईपीबीने काढलेले सुमारे २२ कोटी डॉलरचे कर्जरोखे, २००९ च्या मंदीनंतर स्मार्ट ग्रिडसाठी, म्हणजे अशा स्वयंचलित वीजजाळ्यासाठी, केंद्र सरकारकडून मिळालेलं ११ कोटी १५ लाख डॉलरचं अनुदान आणि ग्राहकांचं मासिक शुल्क. अनुदानामुळे काम पुष्कळ लवकर उरकलं. इंटरनेट विभागाचा हिशेब वेगळा ठेवला गेला, आणि फायबर वापरल्याचं भाडं तो वीज विभागाला देतो.

सुरुवातीला गिगाबिटचा दर महिन्याला ३५० डॉलर होता आणि घेणारे मोजकेच होते. २०१३ मध्ये तो सुमारे ७० डॉलरवर आणल्यावर ही सेवा सामान्य घरांच्या आवाक्यात आली. २०१५ मध्ये १० गिगाबिटची आणि २०२२ मध्ये २५ गिगाबिटची सेवा सुरू झाली. तीही त्याच तंतूंवरून. बदलली ती फक्त दोन्ही टोकांची यंत्रं. एकदा नीट टाकलेलं फायबर पिढीभर पुरतं, ते असं.

विरोध आणि कोर्टकचेऱ्या

खासगी कंपन्यांना हे रुचलं नाही. केबल कंपन्यांची संघटना आणि कॉमकास्ट ही बडी केबल कंपनी यांनी ईपीबीविरुद्ध दावे लावले. ते फेटाळले गेले. पण टेनेसीच्या कायद्याने ईपीबीला आपल्या वीजक्षेत्राबाहेर इंटरनेट द्यायला मनाई आहे. ईपीबीने केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे दाद मागितली. फेब्रुवारी २०१५ मध्ये आयोगाने तिच्या बाजूने कौल दिला, ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. परिणामी हद्दीच्या रेषेपलीकडच्या गावांना शेजारी असूनही ही सेवा मिळू शकली नाही.

वेगाने नेमकं काय बदलतं

सिनेमा पाहायला गिगाबिट लागत नाही. फरक पडतो तो माल पाठवणाऱ्याला. समजा, वास्तुरचनाकाराच्या छोट्या ऑफिसातून ५० गिगाबाइटची फाइल ग्राहकाला पाठवायची आहे. अपलोडचा वेग १० मेगाबिट असेल तर सुमारे अकरा तास लागतात. एक गिगाबिट असेल तर सात मिनिटं. ईपीबीने डाउनलोड आणि अपलोड दोन्ही एकाच वेगाचे ठेवले. केवळ पाहणाऱ्याला यात फारसा फरक जाणवणार नाही, पण काम करून विकणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी कळतो. एक्स-रे तपासणारे डॉक्टर, व्हिडिओ संपादक, सॉफ्टवेअर लिहिणारे यांना मोठ्या शहरात जागा घेण्याची निकड यामुळे कमी झाली.

शहराला काय मिळालं

टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतील अर्थतज्ज्ञ बेंटो लोबो यांनी पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने शहराला आणि परिसराला २६९ कोटी डॉलरचा फायदा झाला आणि साडेनऊ हजारांच्या आसपास रोजगार आले. या फायद्यात मोठा वाटा वीज कमी वेळा जाण्याचाही आहे. कारखान्यात पाच मिनिटं वीज गेली तरी पाळीचा माल वाया जातो, हे आपल्याकडच्या कुठल्याही उद्योजकाला सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला आकड्यांहून मोलाची वाटते. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ईपीबी, शाळा आणि स्थानिक देणगीदार यांनी मिळून शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांच्या घरी इंटरनेट फुकट दिलं. सुमारे २८ हजार मुलं यासाठी पात्र होती आणि ही हमी दहा वर्षांची होती. तार आधीच दारापर्यंत गेली होती, म्हणून हे जमलं.

जिथे हे फसलं

प्रत्येक शहराला असं यश आलं नाही. युटा राज्यातल्या प्रोव्हो शहराकडेही स्वतःची वीजसंस्था होती. तिने सुमारे चार कोटी डॉलर खर्चून फायबर टाकलं. पण राज्याच्या कायद्यामुळे शहराला ग्राहकांना थेट सेवा देणं अवघड होतं, म्हणून खासगी पुरवठादारांना जाळं भाड्याने द्यावं लागलं. पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. २०१३ मध्ये हे जाळं गूगलने एका डॉलरला घेतलं आणि कर्ज फेडायचं नागरिकांच्या वाट्याला आलं. नुसतं फायबर टाकून भागत नाही. ते कोण चालवणार, ग्राहक कुठून येणार आणि जाळ्याचा दुसरा उपयोग काय, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

तिसरी वाट स्वीडनमधल्या स्टॉकहोमची. १९९४ साली त्या शहराने स्टोकॅब नावाची कंपनी काढली. ती घरात इंटरनेट देत नाही. ती फक्त फायबर टाकते आणि सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देते. रस्ता शहराचा, गाड्या कुणाच्याही, असा हा सरळ हिशेब आहे.

आपल्याकडे काय करता येईल

शहराने वीज द्यावी ही कल्पना आपल्याला नवी नाही. मुंबई शहरात महापालिकेचा बेस्ट उपक्रम १९४७ पासून हेच करतो आहे. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं काम चालू आहे. रस्ता खणण्याआधी जमिनीखालच्या तारांची कल्पना यावी म्हणून २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅपही आलं.

तरीही चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रस्ता गुळगुळीत होतो, महिन्याभरात एक कंपनी चर खणते, मग दुसरी. पाण्याच्या लाइनसाठी जेसीबी येतो आणि एका फटक्यात अख्ख्या पेठेचं नेट जातं. खांबावर काळ्या केबलींची गुंतवळ लोंबत असते आणि त्यातली चालू कुठली, मेलेली कुठली, हे केबलवाल्यालाही सांगता येत नाही.

यावरचा पहिला उपाय फार खर्चिक नाही. फायबर टाकण्यातला सर्वांत मोठा खर्च काचेचा नसतो, खोदाईचा असतो. रस्ता काँक्रीटचा होत असतानाच त्याच्या कडेला रिकामा डक्ट, म्हणजे तारा ओवण्यासाठीचा पाइप, टाकला, तो महापालिकेच्या मालकीचा ठेवला आणि सर्वांना एकाच दराने भाड्याने दिला, तर पुढची खोदाई टळते, पालिकेला उत्पन्न मिळतं आणि छोट्या पुरवठादारालाही गल्लीत शिरता येतं.

तुमच्या वॉर्डात रस्त्याचं काम निघेल तेव्हा नगरसेवकाला एवढंच विचारा : यात फायबरसाठी डक्ट आहे का, आणि तो कुणाच्या मालकीचा असेल? हा प्रश्न काँक्रीट ओतण्याआधी विचारा. नंतर त्याची किंमत कित्येक पटींनी मोजावी लागते.