घशातले दात

बाजारातून आणलेल्या रोहूचं डोकं कालवणात टाकण्याआधी एकदा त्याच्या जबड्यावरून बोट फिरवून पाहा. एकही दात लागणार नाही. ओठ मऊ, खालच्या ओठाला झालर आणि आतली कड गुळगुळीत. तरीही हा मासा शेवाळ आणि कुजक्या पाणवनस्पती खातो आणि त्या बारीक करूनच पोटात ढकलतो. ते काम करणारे दात आणखी आत, घशात असतात. डोकं उकडून हाडं सुटी केली की शेवटच्या कल्ल्यामागे दोन वाकडी हाडं हाती लागतात. प्रत्येकावर दातांच्या तीन ओळी असतात. वर, कवटीच्या बुडाशी, एक कठीण गादी असते. खालचे दात तिच्यावर घासले जातात आणि घास दळला जातो. रोहूला वेगळं जठर नाही. घशातलं दळण संपलं की अन्न थेट लांबलचक आतड्यात जातं.

बुलढाणा जिल्ह्यात हे पाहायला मुद्दाम लांब जावं लागत नाही. खडकपूर्णा, नळगंगा, पेनटाकळी ही धरणं आणि गावोगावचे लहान तलाव आहेतच. जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा वर्धेला आणि पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. नळगंगेचं पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला मिळतं. डोंगराच्या एका उताराचं पाणी पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. पण धरणात आलं की दोन्ही पाण्यांतून जाळ्यात येतात ते बहुधा तेच तीन मासे: कटला, रोहू, मृगळ.

हे तिघे मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. नदीतून बीज गोळा करून देशभर पोचवणं अवघड होतं, कारण साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या कुळातल्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्यानंतर मत्स्यजिरे आणि बोटुकली, म्हणजे या माशांची लहान पिल्लं, हा व्यवहारातला माल झाला. हे तिघे एकत्र सोडण्यामागचा हिशेब त्यांच्या तोंडात आहे. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव कल्ल्यांच्या चाळणीत अडकवतो. रोहूचं तोंड लहान आणि किंचित खाली, म्हणून त्याचा वावर मधल्या पाण्यात. मृगळाचं तोंड आणखी खाली, त्यामुळे तो तळाचा गाळ आणि कुजकं खातो. एकाच पाण्यातले तीन थर तिघांनी वाटून घेतले आहेत.

पाण्यात खाणं हे हवेतल्या खाण्याहून मुळातच वेगळं. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. माशाने नुसतं तोंड पुढे नेलं तर समोरचं पाणी भक्ष्यालाही पुढे ढकलेल. म्हणून हाडांचा सांगाडा असलेले बहुतेक मासे घास ओढून घेतात. तोंड उघडताना डोकं वर उचललं जातं, जिभेखालचं हायॉइड हाड मागे आणि खाली खेचलं जातं, गाल आणि कल्ल्यांची झाकणं बाहेर फाकतात. लोहाराच्या भात्यासारखी ही पोकळी फुगते, आतला दाब उतरतो आणि पाणी घासासकट आत शिरतं. मग घास तोंडात राहतो आणि पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं. सगळा प्रकार क्षणाच्या अंशात आटोपतो.

इतक्या झटपट क्रियेला लागणारी ताकद डोक्यातल्या चिमुकल्या स्नायूंची असणं शक्य नाही, अशी शंका जुनीच होती. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या एरियल कॅम्प, थॉमस रॉबर्ट्स आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड यांनी लार्जमाउथ बास या माशाचं क्ष-किरणांनी चित्रण केलं आणि २०१५ मध्ये उत्तर दिलं: ओढण्याच्या ताकदीतली ९५ टक्क्यांहून जास्त ताकद धडाच्या, म्हणजे पोहण्याच्या स्नायूंकडून येते. ज्या मांसाचे आपण तुकडे पाडतो, ते पोहतंही आणि घासही ओढतं.

या ओढीची एक अडचण आहे. तोंडापासून साधारण तोंडाच्या रुंदीइतकं अंतर गेलं की ती जवळजवळ संपते. त्यामुळे तोंडच भक्ष्याजवळ नेणाऱ्या माशाला फायदा होतो. रोहू-कटल्याच्या गणात ४,०००हून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्यांच्या नाकाडाच्या मधोमध कायनेथमॉइड नावाचं एक छोटं हाड असतं. इतर माशांत ते नाही. जबडा उघडताना ते फिरतं आणि वरचा जबडा पुढे सरकतो. काटेरी परांच्या माशांतही वरचा जबडा पुढे येतो, पण तिथली रचना निराळी. उत्क्रांतीने एकच गरज दोन वेगळ्या वाटांनी भागवली, हे मला या विषयातलं सर्वांत देखणं सत्य वाटतं.

मुळात जबडा नव्हताच. आरंभीचे मासे बिनजबड्याचे होते. पुढच्या कल्ल्यांच्या कमानी बदलत जाऊन जबडा झाला असं मानलं जातं. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या डंक्लिओस्टिअस या चिलखती माशाच्या जबड्याचं गणित फिलिप अँडरसन आणि मार्क वेस्टनीट यांनी २००७ मध्ये मांडलं. चार हाडांच्या जोडणीमुळे तो कडकडून चावू शकत होता, आणि तोंडही इतक्या वेगाने उघडत होता की भक्ष्य आत ओढलं जावं.

एवढ्या जुन्या काळात जायचं नसेल तर विदर्भाचीच जमीन पुरे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लामेटा थरांत मिळालेल्या माशांच्या अवशेषांचं वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केलं. दख्खनचा लाव्हा वाहू लागण्याच्या सुमाराचे हे थर. त्यांत लांब जबड्याच्या ‘गार’ नावाच्या माशांचा एक नातलग आहे आणि गोलसर, चपट्या दातांनी कवचं फोडणारा पिक्नोडस आहे. तिसरा इओसेरॅनस हिस्लोपी, काटेरी परांच्या माशांपैकी मानला गेलेला. त्याच्या नावात नागपूरचे मिशनरी आणि जीवाश्म-संशोधक स्टीफन हिस्लॉप आहेत. पकडणारं, फोडणारं आणि ओढणारं, अशी तिन्ही प्रकारची तोंडं एका ठिकाणी. आज बुलढाण्याच्या पायाखाली असलेला काळा कातळ हा त्याच लाव्ह्याचा.

त्या कातळावरून वाहणाऱ्या ओढ्यांत मळ्या नावाचा मासा राहतो. वीतभरही नाही आणि बाजारात त्याला किंमत नाही, पण तोंडाच्या रचनेत त्याची बरोबरी रोहू करू शकत नाही. तोंड पूर्ण खाली, आणि खालच्या ओठामागे मांसल चकती. वाहत्या पाण्यात तो चकतीच्या आधाराने दगडाला धरून राहतो आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातो. कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावं ठेवताना लोकांच्या तोंडची मराठी नावं घेतली. त्यामुळे मळ्या शास्त्रात ‘मुल्ल्या’ झाला, शिंगटी ‘सीनग्टी’ राहिली.

जगभरात खळाळत्या पाण्यातल्या चिकटणाऱ्या माशांचा अभ्यास म्हटलं की डॉ. सुंदरलाल होरा यांचं नाव येतं. पूर्व हिमालय आणि मलायातल्या ओढ्यांतले मासे सह्याद्रीतही कसे, या प्रश्नाचं त्यांनी १९४९ मध्ये दिलेलं उत्तर ‘सातपुडा सिद्धान्त’ म्हणून ओळखलं जातं: हे मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून पश्चिमेकडे सरकत आले. पुढच्या संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले. पण जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोक्यावर उभा असलेला हा डोंगर एका मोठ्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी होता, हे जिल्ह्यातल्या किती शाळांत सांगितलं जातं?

पाणी अडवलं की मळ्याची सगळी कमाई वाया जाते. प्रवाह थांबतो, दगडावर गाळ बसतो आणि खरवडायला काही उरत नाही. शिंगटी तग धरते, कारण गढूळ पाण्यातही तिच्या मिशा चव घेऊन अन्न शोधतात. मरळ तर पृष्ठभागावर येऊन हवाच गिळते, आणि जबड्यातल्या दातांनी भक्ष्य धरून ठेवते. सगळ्यांत निर्धास्त चिलापी. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकी मासा. त्याच्या घशातली खालची दोन हाडं एकजीव झाली आहेत आणि स्नायूंच्या झोळीत टांगलेली आहेत. घशातलं हे स्वतंत्र यंत्र दळतं, त्यामुळे पुढचा जबडा फक्त घास गोळा करायला मोकळा राहतो. कारेल लीम यांनी १९७३ मध्ये याच मोकळिकीत या कुळाच्या यशाचं मर्म शोधलं. चिलापीची मादी तर त्याच तोंडात अंडी आणि पिल्लं सांभाळते.

मच्छीमार सहकारी संस्थांनी तलावात बोटुकली सोडावी, त्यावर घरं चालतात, त्याला माझा विरोध नाही. मागणी एवढीच की धरणाच्या वरच्या अंगाला, पैनगंगेच्या उगमाकडे आणि सातपुड्याच्या पायथ्याला, जे दगडगोट्यांचे वाहते ओढे शिल्लक आहेत, त्यांतली वाळू उपसू नये आणि प्रत्येकावर बंधारा घालू नये. तिथल्या माशांची नोंद करायला प्रयोगशाळाही लागत नाही. पाग टाकून धरलेला मासा भिजल्या हातावर उलटा करायचा, तोंड वर, समोर की खाली आहे ते लिहायचं आणि त्याला पाण्यात सोडून द्यायचं. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी हे काम या हिवाळ्यातच हाती घ्यावं, ओढे अजून वाहते असताना.