अपृष्ठवंशी प्राणी, गोड्या पाण्यातील : (निरीक्षण व तुलना)

नद्या, तलाव इ. ठिकाणच्या गोड्या पाण्यात राहणारे, पाठीचा कणा नसलेले प्राणी. सार्वजनिक मत्स्यालयात प्रेक्षकांचे लक्ष मुख्यतः माशांकडे जाते. परंतु काचेच्या टाक्यांत शेजारीशेजारी ठेवलेल्या अपृष्ठवंशी प्राण्यांची तुलना केल्यास श्वसनाची एकच गरज किती भिन्न मार्गांनी भागविली जाते, हे स्पष्ट होते. गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा (ता. तिरोडा) येथील तलाव व पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (मामा) तलाव यांसारख्या जलाशयांतील प्राणी अशा अभ्यासास सोयीचे असतात.

झिंग्याचे क्लोम (कल्ले) पृष्ठवर्माखाली झाकलेले असतात व मुखाजवळील एका उपांगाच्या सतत हालचालीने त्यांवरून पाणी खेळते. शिंपला स्थिर दिसतो. पण त्याच्या क्लोमांवरील सूक्ष्म केसलांमुळे (केसासारख्या वाढींमुळे) पाणी एका छिद्रातून आत येते व दुसऱ्यातून बाहेर जाते. हेच क्लोम पाण्यातील अन्नकणही गाळून घेतात. पाइला या गोगलगायीस क्लोम व फुप्फुस-कोश दोन्ही असतात. ती पृष्ठभागाजवळ येऊन नळीसारख्या भागाने हवा घेते आणि तलाव आटल्यास शंखाचे झाकण बंद करून चिखलात पडून राहते. जळू त्वचेतून श्वसन करते. ऑक्सिजन कमी पडल्यास ती शरीर नागमोडी हलविते. चतुराच्या अर्भकाचे क्लोम गुदाशयात असतात. तेथील पाणी जोराने बाहेर फेकून ते झटक्यात पुढे सरकते. प्रौढावस्था गाठताना त्यास पाण्याबाहेर यावे लागते, म्हणून टाकीत उभी काडी ठेवतात. हे अर्भक शिकारी असल्याने ते लहान प्राण्यांपासून वेगळे ठेवणे इष्ट असते.

माशांच्या काही रोगांवर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे माशांना सोसणाऱ्या प्रमाणातही अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक ठरतात; म्हणून दोहोंच्या टाक्यांचे पाणी वेगळे असणे आवश्यक असते.

तथापि टाकीत सर्व काही दिसत नाही. गोड्या पाण्यातील अनेक शिंपल्यांचे डिंभ (ग्लोचिडियम) काही काळ माशांच्या क्लोमांना किंवा परांना चिकटून परजीवी म्हणून वाढतात व नंतर सुटून तळाशी जातात. योग्य जातीचे मासे नसल्यास प्रौढ शिंपले दीर्घकाळ जगले, तरी त्यांची पुढील पिढी निर्माण होत नाही. त्यामुळे एखाद्या तलावातील स्थानिक मासे नाहीसे झाले, तर शिंपल्यांचा ऱ्हास काही वर्षे लक्षातही येत नाही.