पांगुळगाडा आणि वॉकर

मूल सात-आठ महिन्यांचे झाले की तपासणीला येणारे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, वॉकर कोणता घ्यावा?" घ्यावा की नाही, हा प्रश्नच नसतो, मामाने तो द्यायचे कबूलही केलेले असते. माझे उत्तर गेली अनेक वर्षे एकच आहे : मुळीच घेऊ नये. मामाची हौस भागवायचीच असेल, तर सुताराकडून जुन्या पद्धतीचा लाकडी पांगुळगाडा करवून घ्यावा.

दोन्हींना चाके असली तरी त्यांत मोठा फरक आहे. वॉकरमध्ये मूल झोळीसारख्या बैठकीत लटकलेले असते. अंगाचा भार बैठक पेलते; मूल केवळ चवड्यांनी जमीन मागे लोटते. तोल सांभाळणे नाही, वाकणे नाही, पडणे नाही, आणि भोवतीच्या चौकटीमुळे स्वतःची पावलेही दिसत नाहीत. चालण्यासाठी जे जे शिकावे लागते, ते सारे वगळून नुसते पुढे सरकणे तेवढे उरते. शिवाय असे मूल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जिन्याच्या तोंडाशी पोहोचते. अशा अपघातांमुळेच कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाडा मात्र आधी स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या मुलालाच ढकलता येतो. हात सुटला की ते धपकन खाली बसते आणि गाड्याला धरून पुन्हा उठते. खरी मेहनत असते ती या उठण्या-बसण्यातच. गाडा हलका असेल, तर त्यावर थोडे वजन ठेवावे, म्हणजे तो हातातून निसटत नाही.

मुलाचा स्नायूंवरील ताबा डोक्याकडून पायांकडे आणि खांद्याकडून बोटांकडे येत जातो. म्हणून चालण्याची पूर्वतयारी सुरू होते ती मान सावरण्यापासून, म्हणजेच पालथे पडण्यापासून. बाळाला झोपवताना उताणेच झोपवावे. परंतु ते जागे असताना, कोणीतरी जवळ बसून, त्याला सतरंजीवर पालथे ठेवावे. रांगू न लागलेल्या बाळासाठी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले आहे. पूर्वी आजी पाय पसरून बाळाला त्यावर पालथे घेई आणि पाठ चोळी, तेव्हा यातला काही भाग न सांगता होऊन जात असे. आता बाळ मऊ गादीवर, कडेवर किंवा गाडीतल्या खुर्चीत असते. जमिनीशी त्याची गाठच पडत नाही.

कोणते मूल कधी काय करते, याची शास्त्रशुद्ध मोजणी आपल्याच गावात झाली आहे, हे बडोदेकरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बालकांचा एक ते तीस महिन्यांपर्यंतचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९७० साली निघाला. त्यातूनच पुढे सिद्ध झालेल्या मापनश्रेणीत शारीरिक हालचालींच्या ६७ कसोट्या आहेत, आणि ती देशभरातील बालविकास केंद्रांत वापरली गेली आहे.

शेजारणीच्या नातवाशी तुलना करणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या पाहणीत, जिच्यात दिल्लीची मुलेही होती, निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने असा आढळला. शंभरांतील सुमारे चार मुले तर गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तशीच चालू लागली.

बोटांचे शिक्षण स्वयंपाकघरात उत्तम होते. नवव्या-दहाव्या महिन्यात ताटलीत मऊ भाताची चार शिते ठेवावीत. आधी मूल सारा पंजा फिरवून ती गोळा करू पाहते. काही दिवसांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एकच शीत पकडते. पुढे कणकेचा गोळा, वाट्यांची उतरंड, डब्याचे झाकण. सांडलवंड होणारच, ती सोसावी. महागडी खेळणी आणू नयेत असे नाही, परंतु परात आणि पळी यांना तोड नाही. शेंगदाणे, फुटाणे, बोरे मात्र लहान मुलाच्या हाती पडू देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. बोरन्हाणाच्या दिवशी तर यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

हातांविषयी एक अनुभव सांगणे मला अगत्याचे वाटते. दहा महिन्यांच्या एका मुलाला त्याची आजी सर्दीसाठी घेऊन आली होती. "सगळे उजव्याच हाताने घेतो हो, शिकवावे लागले नाही," असे ती कौतुकाने म्हणाली. मी उजवा हात हलकेच धरून ठेवला आणि समोर चमचा धरला. मूल रडले, पण डावा हात पुढे आला नाही. त्याची मूठ मिटलेलीच होती. पहिल्या वर्षात मूल दोन्ही हात सारखेच वापरते. एकच हात वापरणे ही हुशारी नसून दुसरा हात दुर्बळ असल्याची खूण असू शकते. त्याच्या बाबतीत डाव्या अंगाचा सेरेब्रल पाल्सी निघाला. उपचार वर्षाच्या आत सुरू झाल्याने आज तो शाळेचे दप्तर दोन्ही हातांनी भरतो, डाव्याने सावकाश.

चौथा महिना संपूनही मान न सावरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, नववा महिना उलटूनही आधाराशिवाय न बसणे, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणे, दीड वर्षानंतरही न चालणे किंवा आलेली गोष्ट येईनाशी होणे, यांपैकी काही दिसल्यास "याचे वडीलही उशिराच चालले" या समजुतीवर थांबू नये. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशी तपासणी विनामूल्य होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले मूल दहा महिन्यांचे झाले, तर त्याची तुलना आठ महिन्यांच्या मुलाशी करावी. हा हिशेब त्याला दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायचा असतो.