निसरड्या खांबावर पकड कशी बसते?

किडकिडीत पोरगी मांड्यांत मल्लखांब धरून उलटी लटकते, वर दोन्ही हात मोकळे सोडते. जिममध्ये दंड कमावलेला तरुण तेच करायला जातो आणि सरकन खाली येतो. खांबाला चोळलेलं एरंडेल दोघांनाही सारखंच!

तेलामुळे कातडी सोलवटत नाही, पण घर्षण कमी झाल्यानं खांब जास्त जोरानं दाबावा लागतो. हे काम मांडीच्या आतल्या स्नायूंचं. डंबेल्स उचलताना त्यांना कोण विचारतो? दुसऱ्या बाजीरावांचे वस्ताद बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा रुजवली ती कुस्तीच्या तयारीसाठी. घामेजलेला मल्लही निसरडाच की!

स्नायूत असंख्य तंतू असतात. नवशिक्याचा मेंदू त्या सगळ्यांना कामाला लावत नाही, लावतो तेही मागेपुढे. सरावानं रस्सीखेचीतल्या कसलेल्या संघासारखे बरेचसे एकदम ओढू लागतात. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत मांड्या फुगत नाहीत, ताकद मात्र वाढते.

शिवाय लहान चणीचा फायदा असतोच. शरीर मोठं होताना वजन जितकं वाढतं, तितकं स्नायूंचं बळ वाढत नाही. स्वतःचाच भार पेलायचा तर हा हिशेब पोरीच्या बाजूनं.